छापावे

कोथरूड, पुणे
रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

काल सकाळी मी स्वारगेटला वाईच्या एसटीत बसले होते. आईनं सांगितलेली तुळशीबागेतली पितळी फुलपात्री मांडीवरच्या पिशवीत होती. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना फोन आला आणि मी उतरले. तुम्हाला "काम निघालं" एवढंच कळवलं. बाबांच्या डोळ्याची पट्टी सुटायचा दिवस होता आणि मी तिथं नव्हते, याचं मला फार वाईट वाटतंय. आई, तू म्हणालीस, "ज्या कामाला दमडी मिळत नाही त्यासाठी एवढं?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आज नीट लिहिते.

हिंजवडीहून घरी आल्यावर रात्री मी जे करत बसते त्याची रीत अशी आहे. बातमीदार जिथं सहसा फिरकत नाहीत तिथली साधी माणसं आपल्या गावाबद्दल लिहितात, आम्ही ते तपासून प्रसिद्ध करतो आणि देशोदेशीचे स्वयंसेवक ते आपापल्या भाषेत नेतात. ही वाट 'ग्लोबल व्हॉइसेस'नं पाडली. रिबेका मॅकिनन आणि ईथन झकरमन यांनी २००४-०५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात ते सुरू केलं, आणि आता तिथले लेख कितीतरी भाषांत जातात. आमचं संकेतस्थळ त्याच वळणाचं, पण पुष्कळ लहान. माझ्याकडे दक्षिण आशिया आहे, म्हणजे लेखक-अनुवादक धरून बावीस माणसं. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी परीक्षेला बसलेलं. कुणालाच आम्ही पैसे देत नाही. त्यामुळे कुणावर हुकूमही चालवता येत नाही. "लेख कधी देतेस?" विचारण्याआधी "बाळाचा ताप उतरला का?" हे विचारावं लागतं, आणि ते मनापासून विचारावं लागतं.

संपादक म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे लाल शाई येणार. ती असतेच. पण तिसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाचं वाक्य गुळगुळीत करताना त्याचा आवाज जाऊ नये, याला जास्त वेळ लागतो. त्याहून जास्त वेळ तपासण्यात जातो. गेल्या पावसाळ्यात एकानं पुराचा फोटो पाठवला. देणाऱ्यानं त्याला "कालचाच आहे" म्हणून सांगितलेलं. मी तो मोठा करत करत पाहिला. बुडालेल्या दुकानाच्या भिंतीवर निवडणुकीचं पोस्टर होतं आणि ती निवडणूक होऊन चार वर्षं झाली होती. फोटो बाजूला काढला. पण त्या मुलाला वाईट वाटू न देता हे समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. ती गेली त्याचं मला काही नाही, कारण त्यानंतर तो मुलगा स्वतः भिंती वाचायला लागला.

कालचं काम मात्र माझ्या चुकीचं होतं. एक बाई टोपणनावानं लिहिते, तिच्या गावातल्या रेशनच्या धान्याबद्दल. सोबत तिनं रांगेतल्या बायकांचा पाठमोरा फोटो दिला होता. चेहरा एकीचाही दिसत नव्हता म्हणून मी निर्धास्त होते. पण मागे शाळेची भिंत होती आणि भिंतीच्या कोपऱ्यात नखाएवढ्या अक्षरात शाळेचं नाव रंगवलेलं. दुसऱ्यांचे फोटो मोठे करून बघणारी मी, हा बघितला नाही. रात्रीचा एक वाजला होता, हे कारण होऊ शकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी चार माणसं तिच्या दारात येऊन "हे कुणी लिहिलं?" विचारून गेली. एसटीत आलेला फोन तिचा होता.

लेख तोवर चार भाषांत गेला होता. शिवाय आमचं लेखन श्रेय देऊन कुणीही पुन्हा छापावं, अशी क्रिएटिव्ह कॉमन्सची मुभा असते, म्हणजे त्या फोटोच्या प्रती आमच्या हाताबाहेरही होत्या. आधी तिलाच विचारलं, लेख काढू का? ती म्हणाली, लेख राहू दे, फोटो तेवढा काढ. मग एकेका अनुवादकाला फोन, ज्यांनी लेख पुन्हा छापला त्यांना विनंत्या, आणि लेखाखाली फोटो काढल्याची नोंद, तीसुद्धा अशा बेतानं की कारण वाचून कुणी आणखी शोधायला लागू नये. शेवटची प्रत उतरली तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. आज तिचा निरोप आला, ती माहेरी पोचली आहे.

आई, मी उगाच घाबरले असं वाटून घेऊ नकोस. एप्रिल २०१४ मध्ये इथिओपियात 'झोन नाईन' या ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या गटाचे सहा जण आणि तीन पत्रकार पकडले गेले. त्यांतले काही ग्लोबल व्हॉइसेसचे स्वयंसेवक होते. शेवटचे सुटायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. तेही रिकाम्या वेळात, बिनपैशानं लिहिणारेच होते.

बाबा, काल परत येताना तुम्ही सांगितलेली आगरकर-टिळकांची गोष्ट आठवत होती. एक 'केसरी'चे संपादक, दुसरे 'मराठा'चे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ चाललाय असं दाखवणाऱ्या पत्रांवर विसंबून त्यांनी दिवाण बर्व्यांविरुद्ध लिहिलं. पत्रं बनावट ठरली आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. लहानपणी मला त्यात फक्त त्यांचं शौर्य दिसायचं. आता दिसतं की तिथं ज्यांनी छापलं त्यांनीच भोगलं. इथं चूक माझी आणि दार तिचं वाजलं. मी कोथरूडमध्ये कडी लावून सुखरूप होते. गाडीतून उतरले ती म्हणूनच.

नारायण पेठेतल्या छापखान्यात तुम्ही ओळीखाली पोस्टकार्ड धरून वाचायचात. यंत्रावरचा माणूस हात पुसत उभा असायचा, मालक दोनदा डोकावून जायचे, तरी पोस्टकार्ड एकेक ओळच खाली सरकायचं. मग कोपऱ्यात 'छापावे' लिहून खाली सही. मला वाटायचं, एवढ्याशा शब्दाला केवढा उशीर! माझ्याकडे आता 'छापावे'चं एक बटण आहे. कालपासून मी फोटोसुद्धा पोस्टकार्ड धरल्यासारखा वरून खाली वाचते.

आणि एक मागणं आहे. दिवाळीपासून आम्ही मराठी अनुवाद सुरू करतोय. दोन मुलं चांगलं काम करतात, पण त्यांच्या मराठीत इंग्रजी डोकावतं आणि मला एकटीला ते सगळं दिसत नाही. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली की महिन्याला पाच-सहा पानं बघाल का? मोठ्या अक्षरात छापून आणीन, समास रुंद ठेवून. बिनपगारीच आहे, आईला आधीच सांगून ठेवते.

येत्या शनिवारी पहिल्या गाडीनं निघते. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. फुलपात्री आणतेच आहे.

तुमची,
मनू