बटणाचे फूल करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन कवी स्टीफन क्रेनच्या ‘वॉर इज काइंड’ या कवितेवरचा लेख आणि त्यासोबतचा मराठी अनुवाद काल वाचला. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. लेख कळकळीने लिहिला आहे, हे आधीच सांगते. पण शेवटच्या कडव्यातले बटण काढून अनुवादात तिथे फूल ठेवले आहे, ते मला सहन झाले नाही.

मूळ कवितेत मुलाच्या झगझगीत कफनावर आईचे काळीज एखाद्या बटणासारखे दीनपणे लटकून आहे. आपल्या अनुवादात ते ‘फुलासारखे वाहिलेले’ आहे. कवितेत बटण शोभत नाही, असे वाटले असेल. पण फूल लोक वाहतात आणि निघून जातात. बटण कापडाला टाचलेले असते, ते कापडाबरोबरच जाते.

माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्याची ट्रंक घरी आली. वरच गणवेशाचा शर्ट होता, धुऊन घडी घातलेला. खिशाचे बटण एकाच दोऱ्यावर लोंबत होते. आईने सुई मागितली. चष्मा लावूनही तिला दोरा ओवता येईना, तो मी ओवून दिला. तिने बटण शिवले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि शर्ट पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवला. तो शर्ट आता कोणी घालणार नव्हते, हे तिला माहीत होते आणि मलाही. बोललो नाही कोणीच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या तरुणाला नेमके बटणच कसे सुचले असेल, या विचाराने मी पहिल्यांदा ती कविता वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आणि आपण ते बटणच काढून टाकलेत.

आता लेखातील दुसरी गोष्ट. ‘रडू नकोस, युद्ध दयाळू असते’ हा उपरोध आहे, कवीला उलट म्हणायचे आहे, असे लेखकाने तीनदा समजावले आहे. ‘युद्ध दयाळू असते’ हे उपरोधाने म्हटले आहे, हे मान्य. पण ‘रडू नकोस’ हे तर लोक खरोखर म्हणतात! कवितेत ते तिघांना सांगितले आहे: प्रेयसीला, लेकराला आणि आईला. आमच्या घरात वहिनी होती, दीड वर्षाचा पुतण्या होता आणि आई होती. तिघांनाही ते सांगितले गेले. वहिनीला म्हणाले, ‘बाळाकडे बघ, रडू नकोस.’ गर्दीला घाबरून बाळ रडायला लागले, तर एका मोठ्या माणसाने त्याला उचलून घेतले आणि म्हटले, ‘शूर बापाचा लेक ना तू? रडायचं नाही.’ आईला म्हणाले, ‘वीरमाता रडत नसतात.’ यातले कोणीही चेष्टा करत नव्हते. माणसे भली होती, त्यांचेही डोळे भरले होते. पण आईने ते ऐकले. लोकांसमोर ती रडली नाही आणि लोकांनी तिच्या धीराचे कौतुक केले. पुढे कित्येक वर्षांनी एकदा भाकरी थापता थापता थांबून ती मला म्हणाली, ‘त्या दिवशी मला रडू द्यायला हवं होतं गं.’ तो दिवस तिला परत कोण देणार होते?

कवितेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लेखात लक्ष गेलेले नाही. प्रेयसीला सांगितले आहे की त्याने आकाशाकडे हात फेकले आणि बुजलेला घोडा एकटाच पुढे धावला. लेकराला सांगितले आहे की बाप पिवळ्या खंदकात कोसळला, छाती धरून तडफडला आणि मेला. आईला काहीच सांगितलेले नाही. तो कुठे पडला, कसा पडला, एक शब्द नाही. तिचे कडवे चार ओळींत संपते. आमच्याकडे आलेल्या पत्रातही ‘कर्तव्य बजावताना’ एवढेच होते. आई ते पत्र मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, जणू एखादी ओळ वाचायची राहून गेली आहे.

एक दुरुस्तीही करायला हवी. ‘रणांगण डोळ्यांनी पाहून आलेल्या कवीने’ ही कविता लिहिली, असे लेखात म्हटले आहे. ते बरोबर नाही. क्रेनचा जन्म 1871 सालचा, म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यानंतर सहा वर्षांनी झालेला. ही कविता 1896 मध्ये मासिकात छापून आली. तो बातमीदार म्हणून ग्रीस-तुर्कस्तानच्या युद्धावर गेला 1897 मध्ये आणि क्यूबाला 1898 मध्ये. 1899 मध्ये याच नावाचा संग्रह निघाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 28व्या वर्षी, तो क्षयाने गेला. म्हणजे ही कविता लिहिताना त्याने लढाई पाहिलेली नव्हती. याने कविता मला मुळीच उणी वाटत नाही. कवितेत ज्यांच्याशी बोलले आहे, ते तिघेही घरातच आहेत. ते कळायला रणांगणावर जावे लागत नाही.

आणि त्या पानावर बंदूक रोखलेल्या जवानाचे एवढे मोठे चित्र कशासाठी छापले? कविता एका कोपऱ्यात बारीक टाइपात बसवली आहे. माझ्या वयाच्या वाचकांना ती भिंगाशिवाय वाचता येत नाही.

अनुवादाची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. माझे मागचे पत्र जागेअभावी निम्मे कापले गेले होते. हेही कापावे लागले, तर क्रेनच्या सनावळ्या कापा, बटणाचा मजकूर तेवढा राहू द्या.

आपली,
एक वाचक