आधी आग, मग सॉस

चिमणे,

शनिवारच्या बार्बेक्यू पार्टीची तुझी यादी बघितली. आठ माणसं, सहा देश, अकरा सॉस, आणि तू एकटी. अगं निम्मं तरी खोड त्यातलं, नाहीतर लोक जेवत असतील तेव्हा तू आत मिक्सर धूत बसशील.

तुला माझी पहिली पार्टी माहीत नाही, तू तेव्हा झालीच नव्हतीस. मी चिकनला आदल्या रात्रीच मध, सॉस, लसूण असं सगळं चोपडून ठेवलं होतं आणि तसंच्या तसं भडकत्या जाळावर टाकलं, पाच मिनिटांत वरून डांबर आणि कापलं तर आत गुलाबी. पाहुणे बिचारे ब्रेड आणि काकडी खाऊन गेले, एकजण तर म्हणाला "स्मोकी फ्लेवर मस्त आलाय". तेव्हा कळलं की साखर सगळ्यात आधी जळते, त्यामुळे गोड काहीही असेल, मध, केचप, बार्बेक्यू सॉस, ते शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच लावायचं. आणि मॅरिनेशनचं लोक उगाच कौतुक करतात असं माझं मत आहे, मीठ तेवढं आत मुरतं, बाकी मसाला बहुतेक वरवरच राहतो. म्हणून चिकनला दोन तास आधी फक्त मीठ आणि थोडं तेल लाव, तिखट आंबट जे काय चमकवायचंय ते ग्रिलवरून उतरवल्यावर.

असं केलंस की एकाच चिकनमधून तीन देश निघतात बघ. ब्रेस्ट नको आणू, मांडीचं बोनलेस आण, दोन मिनिटं जास्त झाली तरी कोरडं पडत नाही.

पहिलं चिमीचुरी, अर्जेंटिना-उरुग्वेकडचा हिरवा सॉस. पार्सलीची एक जुडी, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, चमचाभर ओरेगॅनो, अर्धा चमचा चिली फ्लेक्स, दोन मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर, अर्धा कप ऑलिव्ह ऑइल, मीठ. सुरीनेच बारीक चिर हं, मिक्सरला लावलंस की हिरवा लगदा होतो आणि मग ती चटणी होते, चिमीचुरी नाही. चिरताना बोटं हिरवी होतील, पाटावर पाणी सुटेल, तेही वाडग्यात ओत. वीस मिनिटं तसंच राहू दे, लसणाचा कच्चा उग्रपणा व्हिनेगरमध्ये जरा मऊ होतो.

दुसरं कोरियन. गोचुजांग, म्हणजे तिकडची आंबवलेली लाल मिरचीची पेस्ट, दोन चमचे, सोया एक, मध एक, तिळाचं तेल अर्धा. यात साखर आहे म्हणून वर लिहिलेलं लक्षात ठेव, ब्रश शेवटी. तिसरं हरिसा, ट्युनिशियाची लाल मिरचीची पेस्ट, दह्यात कालवून बाजूला दे, ज्याला झेपेल तो घेईल.

जमैकन जर्क, ते झणझणीत मसाला लावून भाजलेलं मांस, तुझ्या यादीत आहे पण ते या वेळी राहू दे. त्यात ऑलस्पाइस लागतो, आणि तो मिक्स मसाला नसतो बरं का, एकाच झाडाची वाळवलेली फळं असतात, तिकडे त्याच झाडाच्या लाकडावर मांस भाजतात. आणि स्कॉच बॉनेट मिरची चिरून तू डोळे चोळणारच, मी तुला ओळखतो.

शाकाहारी तिघं आहेत ना, त्यांच्यासाठी नुसत्या सिमला मिरच्या सळईला टोचून ठेवू नकोस, वाईट वाटतं त्यांना. हलुमी घे, सायप्रसचं चीज, बनवतानाच गरम निवळीत शिजवलेलं असतं म्हणून ग्रिलवर वितळत नाही, दोन्हीकडून पट्टे उठले की उतरव आणि गरमच वाढ, गार झालं की रबर. शिवाय मक्याची कणसं, मेक्सिकन पद्धतीची, दहा-बारा मिनिटं फिरवत भाज, वर मेयॉनीज, लाल तिखट, लिंबू आणि खारट चीज, कोतिहा नाही मिळालं तर फेटा. उरलेल्या फेट्यात कलिंगड आणि पुदिना, झाली सॅलड.

आता आगीचं. कोळसे पेटवून वीस-तीस मिनिटं थांब, वर पांढरट राख धरली की मग काम सुरू. ज्वाळा दिसतात तोवर काही ठेवायचं नाही. सगळे निखारे एका बाजूला लोट, दुसरी बाजू रिकामी ठेव, रंग आला की चिकन रिकाम्या बाजूला सरकवायचं आणि झाकण. हे एवढं मला कोणी सांगितलं असतं तर ती काकडीची वेळ आली नसती. चिकन झालं का हे बघायला दर वेळी कापू नकोस, थर्मामीटर घे, मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसलं की झालं. बांबूच्या सळया अर्धा तास पाण्यात भिजव. कच्चं ज्या ताटातून नेलंस त्याच ताटात शिजलेलं परत आणायचं नाही, घाईत हे हमखास होतं. आणि वाढलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर नको, बत्तिसच्या पुढे उकाडा असेल तर एक तासच.

पाऊस आला तर कोळशाची शेगडी घरात आणायची नाही, खिडकी उघडी असली तरी नाही, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो. सरळ ओव्हनमध्ये वरच्या कप्प्यात ग्रिल मोडवर लाव, धुराचा वास येणार नाही पण सॉस तेच आहेत, कोणाला फरक कळणार नाही.

लांब दांड्याचा चिमटा माझ्याकडे पडून आहे, शुक्रवारी येऊन घेऊन जा. आई म्हणते येताना तिचा मोठा डबा पण परत आण.

बाबा