'बाऊ करू नका' म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकतीस वर्षं मी ठाण्यातल्या एका शाळेत फळ्यावर लिहिलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी उजवा खांदा धरला. आधी वरच्या दांडीवर कपडे वाळत घालताना कळ यायची, मग वेणी घालताना, शेवटी तर त्या कुशीवर झोपताही येईना. एमआरआयमध्ये स्नायुबंध फाटलेला दिसला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले. ठणका मात्र आठ महिने गेला नाही. दाखवायला गेले की एकच ऐकायचं, "शिवण उत्तम आहे, आता बाऊ करू नका." आपणच खोटं बोलतोय की काय, असं मला वाटू लागलं.

त्यानंतर जिच्याकडे व्यायामाला जायचे, त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं वेगळंच विचारलं. "काकू, हात वर नेताना मनात काय येतं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "परत फाटेल. आईसारखा माझाही हात जाईल."

माझ्या आईचा खांदा असाच आखडला होता. ती डाव्या हातानं वाढायची आणि "हा हात आता मेला" म्हणायची. तेव्हा मी दहा वर्षांची असेन. आईकडून नाकडोळे आले तसं हे भयही आलं, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या मुलीनं मला तेरा प्रश्नांचा एक तक्ता भरायला दिला. कॅनडातल्या मायकल सुलिव्हन यांनी तो 1995 मध्ये तयार केला. दुखणं सतत मनात घोळतं का, काहीतरी भयंकर होईल असं वाटतं का, आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटतं का, अशा स्वरूपाचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग मी या विषयावर वाचत गेले. फ्लोरिडा विद्यापीठात स्टीव्हन जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांकडे दोन अंगांनी पाहिलं. एक, दुखण्याविषयीचं हे भय. दुसरं, 'सीओएमटी' नावाचं जनुक. ॲड्रिनलिन, डोपामिन यांसारखी शरीरातली रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) या जनुकाच्या सांगण्यावरून बनतं. काहींच्यात ते जन्मतःच मंद चालतं आणि अशांना वेदना जास्त जाणवू शकते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांच्यात भयही जास्त होतं आणि विकरही मंद होतं, त्यांचं दुखणं शस्त्रक्रियेनंतर रेंगाळण्याची शक्यता अधिक दिसली. म्हणजे नुसतं मन नाही आणि नुसतं रक्तही नाही, दोन्ही एकत्र आले की जोखीम वाढते. जोखीमच, तसं होईलच असं नव्हे. उलट, एमआरआयमध्ये स्नायुबंध फाटलेला दिसूनही काहीच दुखत नाही, अशी माणसंही असतात, विशेषतः साठीच्या पुढची. मग फक्त शिवण पाहून दुखण्याचा निकाल कसा लावायचा?

मनाचा प्रश्न विचारला की पेशंट दुखावतो, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते खरंही आहे. आपल्या ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे आणि "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य महाराष्ट्रभर वापरलं जातं. अशा गावात "मनाचं आहे" असं कोणी म्हटलं की माणूस गप्प होतो. म्हणूनच कसं विचारलं जातं, याला फार महत्त्व आहे. त्या मुलीनं "मनाचं आहे" असं म्हटलं नाही. दुखणं खरं आहे हे तिनं आधी मान्य केलं, भीतीबद्दल त्यानंतर विचारलं.

माझी विनंती साधी आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या दवाखान्यांनी, सरकारी असोत की खासगी, खांद्याची शस्त्रक्रिया ठरवताना हा तक्ता मराठीत भरून घ्यावा. रक्तातली साखर तपासतातच. मधुमेह्यांचा खांदा जास्त आखडतो, म्हणून ते हवंच. जनुकाची चाचणी करा असं मी म्हणत नाही, घरात आणखी कोणाचं दुखणं असं लांबलं होतं का, एवढं विचारलं तरी पुरे. ज्याचे गुण जास्त येतील त्याला व्यायामाच्या जोडीनं समुपदेशन मिळावं आणि कोणता हात कधी, किती वर न्यायचा हे शस्त्रक्रियेच्या आधीच नीट समजावून सांगावं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत दिवसभर हात वर धरून काम करणाऱ्यांना तर याची माझ्याहून जास्त गरज आहे. त्यांना आठ महिने घरी बसणं परवडणार नाही.

माझा हात आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत जातो. दुखतो अजून, पण वर नेताना आई आठवत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे