पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं तर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, “मॉनिटर गेला.” मागून आई म्हणाली, “गेला कसा? लिहून दाखवतोय की काहीतरी.” आईचं बरोबर आहे. ज्याला ‘नो सिग्नल’ एवढं दाखवता येतंय, त्याला वीज मिळतेय आणि त्याचा पडदाही शाबूत आहे. खरोखर गेलेल्या मॉनिटरचा अनेकदा दिवासुद्धा लागत नाही. याची तक्रार इतकीच की, केबलच्या पलीकडून चित्र येत नाही. तेव्हा नवा मॉनिटर घ्यायचं तूर्त डोक्यातून काढून टाका. फोनवर ‘हे काढ, ते लाव’ करताना आपलं नेहमी भांडण होतं, म्हणून हे लिहून पाठवतेय. बाबा टेबलाखाली वाकतील तेव्हा आई, तू मोबाइलची बॅटरी धर आणि हे वाचून दाखव.

सगळ्यात आधी कॉम्प्युटर जागा आहे का ते बघा. पंख्याचा आवाज येतोय म्हणजे तो चालू आहे, असं समजू नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा छोटा दिवा दर दाबण्याला लागत-विझत असेल, तर कॉम्प्युटर आपलं काम करतोय, फक्त त्याचं चित्र पडद्यापर्यंत पोचत नाहीये. दिवा ढिम्म राहिला तर दुखणं डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, असण्याची शक्यता जास्त. (बिनवायरच्या काही कीबोर्डांना हा दिवाच नसतो, त्यावरून काही ठरवू नका.) नुसता झोपला असेल तर कुठलंही बटण दाबून किंवा माउस हलवून जागा होईल.

आता मॉनिटरचा सोर्स. मॉनिटरला मागे दोन-तीन प्रकारच्या खाचा असतात: एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, जुन्यांना व्हीजीए. त्यातल्या कुठल्या खाचेकडे बघायचं, हे त्याला सांगावं लागतं. साफसफाई करताना फडका कडेच्या बटणांवरून फिरला की हे सेटिंग बदलू शकतं. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली बटणं आहेत, त्यांतल्या ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’वर जा आणि केबल ज्या खाचेत आहे तेच नाव निवडा. प्रत्येक बदलानंतर चार-पाच सेकंद थांबा. बाबा, तुम्ही थांबत नाही, लगेच पुढचं बटण दाबता, आणि चित्र येईपर्यंत मॉनिटर भलत्याच खाचेवर गेलेला असतो.

तरी काही नाही? मग मॉनिटरचा स्विच बंद करा आणि केबलकडे वळा. दोन्ही टोकं पूर्ण काढून परत बसवायची. नुसतं बोटाने दाबून ‘घट्ट आहे’ म्हणणं चालणार नाही. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा एक छोटी कळ असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका, खाच तुटते. व्हीजीए असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. तुम्ही ते नुसते टेकवून ठेवता हे मला माहीत आहे. तिच्या आतल्या पिना वाकल्यात का तेही बघा. पंधरा पिनांची जागा असते, पण मधल्या ओळीतली एक पिन पुष्कळ केबलींना कारखान्यातूनच नसते. ती दिसली नाही म्हणून घाबरू नका.

माझा खरा संशय मात्र डब्याच्या मागच्या बाजूवर आहे. तुमच्या डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) आहे. म्हणजे मागे चित्राच्या खाचा दोन ठिकाणी आहेत: वर यूएसबी आणि इंटरनेटच्या वायरीजवळ मदरबोर्डच्या (डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या), आणि खाली आडव्या पट्टीवर कार्डाच्या. कार्ड बसवलेलं असलं की वरच्या खाचा बऱ्याचदा बंद असतात. दोन्हीकडे एचडीएमआय सारखंच दिसतं, वरचं हाताला आधी लागतं, केबल तिथे छान बसतेही, आणि पडदा ‘नो सिग्नल’ म्हणत राहतो. परवा टेबल सरकवलं तेव्हा वायरी काढल्या होत्यात ना? केबल खालच्या पट्टीत लावा.

अजूनही तसंच असेल तर ओळखीची गोष्ट वापरून शोधा. आईचा लॅपटॉप त्याच केबलने मॉनिटरला जोडा. चित्र आलं तर मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष, दोष डब्याचा. नाही आलं तर दुसरी केबल लावून बघा. किंवा डबा टीव्हीच्या एचडीएमआयला जोडा. या अदलाबदलीतून जितकं कळतं, तितकं तासभर अंदाज बांधून कळत नाही.

कॅप्स लॉकचा दिवा लागतोय पण चित्र नाही, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. आई, दोन हात तुझे आणि एक बोट बाबांचं लागेल. छोटा बीप येऊन चित्र परत येऊ शकतं. काहीच होत नसेल तर शेवटी डब्याचं बटण दहा सेकंद दाबून धरा. तो बंद होईल, पण सेव्ह न केलेलं काम जाईल, म्हणून हे शेवटी. मग प्लग काढा, तेच बटण पुन्हा पंधराएक सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि प्लग लावून सुरू करा.

सुरू होताना तो पुन्हा पुन्हा बीप वाजवू लागला, तर रॅम (आतली मेमरीची पट्टी) नीट बसलेली नसेल. ती मी आल्यावर बघेन. बाबा, तोवर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. मॉनिटर आणि डब्यातला पॉवर सप्लाय तर मी आल्यावरही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आणि सुरुवातीला विंडोजचं चिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर ते मला नक्की सांगा. तसं असेल तर दोष बहुधा केबलचा नाही, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा चित्राचं रिझोल्यूशन तपासावं लागेल.

काही हलवायच्या आधी डब्याच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढून पाठवा, वायरी नीट दिसतील असा. संध्याकाळी फोन करते.

तुमची,
मनू