नाकातील क्षय आणि फॉर्मालिनची बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक क्षयरोग दिनानिमित्त दरवर्षी २४ मार्चला लागणाऱ्या फलकांवर दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याचा उल्लेख असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु क्षय क्वचित नाकात आणि सायनसमध्येही होतो. अशा वेळी खोकला नसू शकतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो; चोंदलेले नाक, खपल्या आणि अधूनमधून रक्त एवढीच तक्रार असते. मग जुनाट सर्दी समजून महिनोन्महिने औषधे चालतात. त्यांत लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक असले, तर ते क्षयाच्या जंतूवरही काही अंशी चालत असल्याने रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि निदान आणखी लांबते.

सीटी स्कॅनवर दिसणारी सूज क्षयाची, बुरशीची की कर्करोगाची, हे केवळ स्कॅनवरून ठरवता येत नाही. दुर्बिणीतून त्या सुजलेल्या भागाचा तुकडा काढून तपासावाच लागतो, आणि माझे म्हणणे नेमके या तुकड्याबद्दल आहे. सवयीने तो सगळाच्या सगळा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मालिन पेशींची रचना टिकवते, पण जंतू मारते. त्यामुळे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, अशक्य होते, आणि सीबीनॅट या क्षयजंतूची जनुके शोधणाऱ्या यंत्रचाचणीसाठीही ताजा तुकडाच द्यायला हवा. उमेदीच्या काळात एका रुग्ण बाईंच्या बाबतीत माझ्याही हातून हे घडले. अहवालात 'ग्रॅन्युलोमा' (दाहक पेशींची गाठ) एवढेच आले, जो कुष्ठरोगात, बुरशीच्या संसर्गात आणि सार्कॉइडोसिस या जंतुसंसर्ग नसलेल्या दाहाच्या आजारातही आढळतो, आणि त्या बाईंना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले.

उपाय बिनखर्चाचा आहे: तुकड्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवावा. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतूचा आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या प्रमुख औषधाला असलेल्या त्याच्या प्रतिरोधाचा शोध घेते. मात्र नाकातील ऊतीत जंतू फार थोडे असतात, म्हणून ही चाचणी निगेटिव्ह आली तरी क्षय नाही असे समजू नये. कल्चरची वाट पाहावी, मग त्याला सहा आठवडे का लागेनात.

'तुकडा सलाईनमध्येही दिला आहे का?' असा रकाना प्रयोगशाळांनी आपल्या मागणीपत्रावर छापावा, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत नातेवाइकांनी हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारावा. त्यात कोणाचा अवमान होत नाही.

आपला,
एक निवृत्त कान-नाक-घसा तज्ज्ञ, सांगली