करपलेली कलमे उपटण्याआधी साल खरवडून पाहा

संपादक महोदय,

निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास उतरला की पहिल्या-दुसऱ्या वर्षाची केसर आंब्याची कलमे करपतात. पाने तांबूस, शेंडे काळे. मग ‘मेली’ म्हणून ती जानेवारीतच उपटली जातात. पाने गेली म्हणजे कलम गेले असे नव्हे.

पहिली खूण पानांतच असते. वाळके पान हात लावताच देठासकट गळत असेल तर फांदीत जीव आहे. पान गाळायलाही फांदी जिवंत लागते. पान चुरगळले तरी देठ सुटत नसेल, तर तेवढी फांदी बहुधा गेली.

मग शेंड्याकडून खाली येत दर १० सेंटिमीटरवर गव्हाच्या दाण्याएवढी साल नखाने खरवडावी. आत हिरवे, ओलसर दिसले की तिथून खाली जीव आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर आणखी खाली उतरावे. खरवड एकाच बाजूला करावी. खोडाभोवती सालीचे कडे निघाले तर वाचलेले कलमही मरेल. थंडीनंतर लगेच पाहिले तर फसगत होते, कारण मेलेली सालही काही दिवस हिरवी दिसते. २-३ आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

सर्वांत महागात पडणारी चूक कलमाच्या जोडापाशी, म्हणजे केसरची काडी खालच्या खुंटाला जोडलेली असते तिथे होते. मार्चमध्ये बुडातून जोमदार फूट आली की कलम वाचले असे वाटते. ती जोडाखालची असेल तर ती रायवळ (गावठी आंब्याच्या) खुंटाची फूट आहे. वर्षानुवर्षे पाणी घालून हाती केसर येणारच नाही. जोडाच्या वर बोटभर हिरवी साल आणि एखादा जिवंत डोळा असला तर खुंटाचे फुटवे काढून टाकावेत. वर काहीच उरले नसेल तरी खुंट उपटू नये. त्याचा एक सरळ फुटवा राखून पावसाळ्यात जागेवरच केसरच्या काडीचे पाचर कलम (काडी पाचरीसारखी तासून खुंटाच्या चिरेत बसवणे) बांधावे. जमिनीत बसलेली मुळे फुकट का घालवायची?

छाटणीची घाई नको. लवकर छाटले तर कोवळी फूट येते आणि पुढच्या थंड रात्री तीच आधी जळते. नवी पालवी दिसल्यावर मेलेल्या भागाच्या २-३ सेंटिमीटर खाली, हिरव्या लाकडात काप घ्यावा. कापावर बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक लावावे: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. पाने नसलेले कलम पाणी कमी ओढते, त्यामुळे काळ्या जमिनीत आळे तुडुंब भरले तर मुळे कुजतात. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झालेली, पाहूनच पाणी द्यावे. युरिया तर पालवी पक्की होईपर्यंत नकोच. सीताफळाची पानगळ मात्र नैसर्गिक आहे, तिला थंडीचा मार समजू नये.

कृषी विभागाला एक विनंती. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे पुढच्या वर्षांचे अनुदान जिवंत झाडांच्या प्रमाणावर ठरते. थंडीनंतर लगेच मोजणी करायची झाल्यास करपलेले कलम नुसत्या नजरेने मृत धरू नये. साल पाहावी, शंका असलेल्या झाडांची मार्चअखेर फेरमोजणी करावी.

— एक आंबा बागायतदार, निफाड तालुका