आइस हॉकीचे वीजबिल कोण भरणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत चिपळूणच्या एका गृहस्थांनी लिहिले होते, की महाराष्ट्रातल्या मुलींना बर्फावरच्या खेळांसाठी लेहला पाठवणे ही चैन आहे. कोकणाला मासळीच्या पेटीतला बर्फ पुरे. पत्र झणझणीत होते. आमच्या कारखान्यावर ते मोठ्याने वाचून झाले, तांडेल (बोटींचे म्होरके) हसले, टेम्पोवाले हसले, मीही हसले. पण पेटीतला तो बर्फ मी करते. तेव्हा उत्तर मीच द्यायला हवे.

हर्णै बंदरावर आमचा बर्फाचा कारखाना आहे. सासऱ्यांनी घातला, यजमानांनी वाढवला, ते गेल्यापासून मी चालवते. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात ओळीने सोडलेले डबे. मिठाचे पाणी उणे दहाच्या आसपास ठेवले की डब्यातले गोडे पाणी धरते आणि लादी तयार होते. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असतानाही धरते. दापोलीत थंडी पडली म्हणून माझ्याकडे जास्त बर्फ होत नाही, फक्त वीजबिल थोडे हलके येते. बर्फाला हिमालय लागतो असे मानणाऱ्यांनी एकदा कारखान्यात येऊन टाकीवरची फळी उचलून पाहावी.

माझी धाकटी मुलगी पुण्यात शिकते आणि इनलाइन स्केटवर, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या बुटांवर, हॉकी खेळते. तोच खेळ बर्फावर, म्हणजे आइस हॉकी, खेळायचा म्हणून या हिवाळ्यात ती सरावाला लेहला गेली आहे. आम्हाला वाटले होते, फोनवर थंडीचे रडगाणे असेल. पण तिचे सगळे बोलणे बर्फ कधी मिळाला, किती वेळ मिळाला याचेच. पहाटे उठून गेल्या तर आधीची तुकडी अजून रिंकवरच, म्हणजे बर्फाच्या मैदानावरच. मुलांचा सामना लांबला की मुलींचा सराव कापला. दुपारी ऊन आले की बर्फ मऊ पडतो, स्केटचे पाते रुतते, मग घरी. संध्याकाळी पुन्हा रांग. हंगाम निम्म्यावर आला, तरी अजून दम लागतो म्हणाली. लेहची उंची साडेतीन हजार मीटर आहे, तेव्हा लागणारच.

नैसर्गिक बर्फाचा लडाखमधला हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. डिसेंबरच्या अखेरीस तळी धरतात, फेब्रुवारीत सुटू लागतात. थंडी उशिरा आली की तेवढेही हातात राहत नाहीत. या दोन महिन्यांत लष्कराचे संघ, पोलिसांचे संघ, क्लब, शाळा, स्पर्धा आणि पर्यटकांचे स्केटिंग, सगळ्यांना तोच बर्फ हवा. या गर्दीत मुलींचा नंबर कुठे लागत असेल, हे कोणत्याही बाईला सांगावे लागणार नाही.

लेक तिथे रात्री रिंकवर पाणी मारायलाही जाते. पातळ थर द्यायचा, तो धरला की दुसरा. एकदा तिने विचारले, यंत्रवाल्या रिंकवर म्हणे गरम पाणी ओततात, बर्फावर गरम पाणी कशाला? हे मला तोंडपाठ. गार पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते, गोठताना ती आत कोंडते आणि बर्फ पांढरा, भुसभुशीत होतो. रसवंतीवाल्याला काचेसारखी लादी हवी असते तेव्हा आम्हीही डब्यात हवेची नळी सोडून पाणी हलते ठेवतो, नाहीतर मधोमध पांढरा गाभा राहतो. रिंकवर गरम पाणी पसरले की वरचा खरवडलेला थर किंचित वितळतो आणि नवा थर त्याला घट्ट बसतो. म्हणजे माझा धंदा आणि तिचा खेळ एकाच यंत्रावर चालतो! फरक इतकाच, की रिंकमध्ये ते थंड मिठाचे पाणी डब्यांभोवती न फिरता काँक्रीटखालच्या नळ्यांतून फिरते.

मग हिशेब करून पाहिला. आंतरराष्ट्रीय मापाची रिंक साठ मीटर लांब, तीस मीटरपर्यंत रुंद, बर्फाची जाडी तीन सेंटिमीटर धरली तर सुमारे पन्नास टन बर्फ. बंदरावरच्या माणसाला हा आकडा घाबरवत नाही. महागडी गोष्ट पुढे आहे. माझी लादी गाडीत चढली की माझी सुटका, वितळली तर ती बोटवाल्याची काळजी. रिंकचा बर्फ मात्र जागच्या जागी चोवीस तास धरून ठेवायचा असतो. आणि तिथेच आपल्याकडे घोडे पेंड खाते.

देहरादूनचे पाहा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे छताखालची हिमाद्री रिंक बांधली. स्पर्धा झाली, पाहुणे गेले, चालवायचा खर्च झेपेना म्हणून रिंक बंद पडली ती वर्षानुवर्षे बंदच. २०२५ मध्ये दुरुस्ती करून पुन्हा सुरू केली आणि ऑगस्टमध्ये तिथे स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली. चांगले झाले. पण मधल्या काळात एक अख्खी पिढी दहावीतून संसाराला लागली. बंद यंत्र काय होते ते मला विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा आमचा कारखाना थांबतो. फक्त दोन महिने. तरी ऑगस्टमध्ये सुरू करताना कुठे व्हॉल्व्ह अडकतो, कुठे ग्लँड गळते, डबे गंजलेले असतात. चालत्या कॉम्प्रेसरपेक्षा उभा कॉम्प्रेसर लवकर मरतो. ती रिंक तर एका तपाहून जास्त उभी होती.

चिपळूणच्या गृहस्थांनी आता फिलिपिन्सकडे पाहावे. नारळ, भात, मासे, पाऊस, वादळे. आपल्यासारखाच उष्ण देश, बर्फ पडायचा प्रश्नच नाही. २०१७ मध्ये बँकॉकच्या आशियाई चॅलेंज कपमध्ये आपल्या मुलींनी याच फिलिपिन्सला ४-३ असे हरवले. भारतीय महिला संघाचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्याच्या आदल्याच वर्षी तैवानच्या तैपेईला संघ पहिल्यांदा परदेशी गेला तो लोकवर्गणी काढून. पुढे काय झाले? २०२५ च्या मे-जूनमध्ये अमिरातीतल्या अल ऐनला महिलांचा आशिया कप झाला. फिलिपिन्सने सुवर्ण नेले, आपल्याला कांस्य मिळाले. आपले कांस्य मला मोठेच वाटते, भारतीय महिलांचे या खेळातले ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. पण आठ वर्षांपूर्वी हरवलेला संघ पुढे का गेला याचे उत्तर मनिलाच्या मॉलमध्ये आहे. तिथे मॉलमध्ये बर्फाच्या रिंका आहेत आणि त्या बारा महिने चालतात. लोक तिकीट काढून स्केटिंग करतात, त्याच बर्फावर संघ सराव करतो. आमच्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. बर्फाच्या देशात जन्मल्या आणि बर्फावाचून दहा महिने काढतात. आशिया कपसुद्धा मे-जूनमध्ये, वाळवंटाच्या गावात, यंत्राच्या बर्फावर झाला, हेही लक्षात असू द्यावे.

लेहला आता एनडीएस मैदानावर यंत्राने थंड होणारी रिंक झाली आहे. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे होतात, मुलींचे सामने होतात, आयटीबीपी या सीमा पोलिस दलाचा महिला संघही उतरतो. स्पितीत काझाला २०२२ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे खेळ वाढतो आहे, नाही असे नाही. माझे म्हणणे एवढेच, की उद्घाटनाच्या दिवशी फीत कापणाऱ्याला पुढच्या पाच वर्षांच्या वीजबिलाची आणि ऑपरेटरच्या पगाराची तरतूद कुठे आहे ते विचारावे. आणि रिंकच्या वेळापत्रकात मुलींचे तास शाईने लिहावेत. पेन्सिलीने लिहिलेले खोडले जातात. कोकणात रिंक बांधा असे मी म्हणत नाही. आधी आमच्या फीडरची वीज दिवसभर टिकू दे. मुलींसाठी इथे सिमेंटचा एक गुळगुळीत चौक केला, कडेला फळ्या लावल्या, तरी इनलाइन हॉकी सुरू होते, आणि तिथून बर्फावर जाणे अवघड नाही हे घरातच पाहते आहे. महाराष्ट्राच्या स्केटरनी लेहच्या बर्फावर पदके मिळवली आहेत ती चाकांवर घडलेल्या पायांनीच.

परदेशाचे थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडाची महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला सहा संघांनी सुरू झाली. २०२५-२६ च्या हंगामात सिअॅटल आणि व्हँकुव्हर आल्याने आठ संघ झाले. एप्रिल २०२४ मध्ये माँट्रियलला एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक होते. बायकांचा खेळ कोण बघतो, असे विचारणाऱ्यांसाठी हा आकडा देते. पहिले दोन्ही हंगाम मिनेसोटाने जिंकले. पहिल्या हंगामात खेळाडूचा किमान पगार ३५ हजार डॉलर ठरला होता, आणि तो आकडा खेळाडूंच्या संघटनेने मालकाशी बसून करारात लिहून घेतला. लोकवर्गणी काढून तैपेईला गेलेल्या आमच्या मुलींना हे ऐकवायला जीभ उचलत नाही.

तिथेही सगळे गोड नाही. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९९८ ला, नागानोत. पुरुषांची त्याआधी सत्तरएक वर्षे होती. २०२६ च्या मिलानच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बारा संघ आहेत, महिलांचे दहा. शिवाय मिलानचे नवे हॉकी मैदान वेळेत पुरे होईल का, यावर जगभर चर्चा झाली. हे वाचून मला जरा बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

आता आपल्या पानाविषयी. अल ऐनच्या कांस्यपदकाची बातमी मी आपल्या अंकात शोधली. सापडली, शेवटच्या स्तंभात, एका जाहिरातीखाली. त्या दिवशी क्रिकेटपटूच्या लग्नाला फोटोसह जागा होती. लेहचे सामने आता सुरू आहेत, हंगाम अर्धा उरला आहे. निकाल हंगाम संपल्यावर एकदम देण्यापेक्षा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चार ओळी द्याव्यात: कोण खेळले, गोल कोणी केले, गोलरक्षक कोण होती. आमच्या मुली त्या ओळी कापून ठेवतात. प्रायोजकाकडे किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात जाताना दाखवायला दुसरे काही नसते.

मिलानमध्ये महिलांचे सामने ५ फेब्रुवारी २०२६ ला सुरू होतात, अंतिम सामना १९ ला. भारताचा संघ त्यात नाही, तरी वेळापत्रक भारतीय वेळेनुसार छापावे ही विनंती. पुरुषांचे ज्या टाइपात छापाल त्याच टाइपात. कारखान्यावर रात्रपाळीला माणसे जागीच असतात, टीव्हीही आहे.

आपली विश्वासू,
बर्फ कारखान्याची चालक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी